दुकान कंपनीचे, पत गावाची : जपानच्या फुटबॉल क्लबांचा हिशेब

या पानावर आम्ही सहसा सुताचे भाव, यंत्रमागाचे वीजदर आणि उधारीची वसुली यांविषयी लिहीत असतो. आज फुटबॉलविषयी लिहीत आहोत म्हणून वाचकांनी पान उलटू नये. खेळ फुटबॉलचा असला तरी प्रश्न धंद्याचाच आहे आणि तो आपल्या पेठेइतकाच जुना आहे. दुकानाची जी पत असते, जिला वकील लोक कागदावर गुडविल म्हणतात, ती कोणाच्या मालकीची? पाटीवर ज्याचे नाव आहे त्याची, की वीस वर्षे त्याच पायऱ्या चढून येणाऱ्या गिऱ्हाइकाची?

या प्रश्नाकडे आमचे लक्ष कसे गेले ते आधी सांगतो. आमचा पुतण्या दुपारी गिऱ्हाईक कमी असले की गादीवर बसून मोबाईलवर जपानचे सामने पाहतो. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिकडचा संध्याकाळी सातचा सामना इकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो, म्हणजे नेमका आमच्या डुलकीच्या वेळी. एके दिवशी आम्ही त्याला रागवायला म्हणून उठलो आणि पाहतच राहिलो. त्याचा क्लब तीन गोलांनी मागे होता, पाऊस पडत होता, आणि गोलखांबामागे उभे असलेले लोक ढोल वाजवून गात होते. आम्ही विचारले, "बेटा, हे जिंकणाऱ्या बाजूचे लोक का?" तो म्हणाला, "नाही बडे अब्बा, हे हरणाऱ्यांचे." माल खराब निघाला तरी गिऱ्हाईक दुकान सोडत नाही, उलट गाणे म्हणते, असा धंदा आम्ही तीस वर्षांत पाहिला नव्हता. तेव्हापासून तिथल्या जे-लीगकडे आम्ही खातेवहीच्या नजरेने पाहत आलो आहोत.

जपानमध्येही पूर्वी चित्र निराळे होते. १९६५ मध्ये तिथे जपान सॉकर लीग सुरू झाली. तिच्यात खेळणारे संघ कंपन्यांचे होते. मित्सुबिशी, निस्सान, फुरुकावा इलेक्ट्रिक, माझदा, अशी त्यांची नावे. खेळाडू हे बहुतेक कंपनीचे पगारी नोकर. प्रेक्षक थोडे, आणि त्यातही कंपनीचीच माणसे पुष्कळ. संघ म्हणजे कंपनीच्या खर्चातले एक कलम होते. आपल्याकडेही अगदी हेच होते. कापडाच्या धंद्यातील लोकांना जे.सी.टी. मिल हे नाव मालामुळे ठाऊक आहे. परंतु फगवाड्याच्या या मिलच्या फुटबॉल संघाने १९९६-९७ मध्ये देशातील पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती, हे किती जणांना आठवते? २०११ मध्ये मिलने संघ बंद केला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचेही तेच झाले. कंपनीने ठरवले आणि कलम खोडले. ज्यांनी तिकिटे काढून सामने पाहिले त्यांना कोणी विचारले नाही. विचारावे असा कोणाचा हक्कही नव्हता.

जपानमध्ये हे बदलावे म्हणून ज्यांनी कंबर कसली ते साबुरो कावाबुची. हे गृहस्थ स्वतः फुरुकावा इलेक्ट्रिकच्या संघातून खेळलेले आणि त्याच कंपनीत नोकरी केलेले, म्हणजे कंपनीचा कारभार आतून पाहिलेले होते. १९९१ मध्ये जे-लीगची संस्था उभी राहिली आणि ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांनी घातलेल्या अटी धंदेवाल्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. प्रत्येक क्लब स्वतंत्र कंपनी असावा. त्याने एक गाव किंवा शहर आपले म्हणून जाहीर करावे. तिथे प्रकाशझोताची सोय असलेले, निदान १५ हजार जागांचे मैदान असावे. लहान मुलांचे संघ चालवावेत. आणि सर्वांत कडवट गोळी ही, की क्लबच्या नावात कंपनीचे नाव असू नये. पैसा तुमचा, पाटी गावाची!

ही गोळी सर्वांना गिळवली नाही. योमिउरी वृत्तपत्रसमूहाचा क्लब सर्वांत बलाढ्य होता. त्यांनी या अटीला उघड विरोध केला आणि आपल्या छापील पानांवर कंपनीचेच नाव लावून क्लबचा उल्लेख चालू ठेवला. कावाबुची मागे हटले नाहीत. मित्सुबिशीचा संघ उरावा रेड डायमंड्स झाला, निस्सानचा योकोहामा मारिनोस, माझदाचा सांफ्रेचे हिरोशिमा, टोयोटाचा नागोया ग्रॅम्पस एट. १५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर पहिला सामना झाला. योमिउरीचा वर्दी कावासाकी विरुद्ध मारिनोस. ५९,६२६ प्रेक्षक होते आणि मारिनोसने २-१ असा विजय मिळविला.

सुरुवातीच्या १० क्लबांत एक काशिमा होता. काशिमा हे त्या वेळी जेमतेम ४५ हजार वस्तीचे, सुमितोमोच्या पोलाद कारखान्यावर जगणारे गाव. त्यांचा अर्ज आला तेव्हा कावाबुचींनी सांगितले की तुमची निवड होण्याची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही. छप्पर असलेले १५ हजारांचे मैदान बांधाल तर बघू. नकार देण्याची ही सभ्य तऱ्हा होती. गावाने मैदान बांधले! ब्राझीलचा झिको १९९१ मध्येच कारखान्याच्या संघात येऊन दाखल झाला होता. १९९३ च्या पहिल्या टप्प्याचे विजेतेपद याच गावाने पटकावले. पुढे २०१६ पर्यंत काशिमाने लीग ८ वेळा जिंकली. कारखान्याने २०१९ मध्ये आपला हिस्सा मर्कारी या जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीला विकला, तरी गाव आणि क्लब यांचे नाते होते तिथेच राहिले.

पण नव्या दुकानाची गर्दी ही खरी गर्दी नसते, हे आपण जाणतो. उद्घाटनाच्या सवलतीला आलेले लोक पुढच्या ईदला दिसत नाहीत. १९९४ मध्ये जे-लीगच्या एका सामन्याला सरासरी १९,५९८ प्रेक्षक होते, १९९७ मध्ये ते १०,१३१ वर आले. तीन वर्षांत गल्ला निम्मा. त्यातच जपानमधील जमिनी आणि शेअर यांच्या तेजीचा फुगा फुटलेला होता आणि कंपन्या खर्चाची कलमे शोधून शोधून खोडत होत्या. अशा वेळी २९ ऑक्टोबर १९९८ रोजी योकोहामा फ्लुगेल्स या क्लबच्या चाहत्यांना बातमी कळली की त्यांचा क्लब संपला.

ही हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे. योकोहामा शहरात दोन क्लब होते, निस्सानचा मारिनोस आणि ऑल निप्पॉन एअरवेजचा फ्लुगेल्स. फ्लुगेल म्हणजे जर्मन भाषेत पंख. विमान कंपनीला शोभेल असे नाव. विमान कंपनीबरोबर सातो कोग्यो ही बांधकाम कंपनी भागीदार होती. तिची स्थिती बिघडली आणि तिने हात काढून घेतला. एकट्याने तोटा सोसण्याची विमान कंपनीची तयारी नव्हती. दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आपसांत बसून ठरवले की फ्लुगेल्स मारिनोसमध्ये विलीन करावा. नव्या क्लबच्या नावात आठवण म्हणून 'एफ' हे एक अक्षर घालावे. योकोहामा एफ. मारिनोस. चाहत्यांना आणि खेळाडूंना हे सर्व ठरून गेल्यावर कळले.

कागदावर हा व्यवहार निर्दोष होता. एका शहरात दोन दुकाने तोट्यात, तर त्यांचे एक करा, कोणताही मुनीम हेच सांगेल. चूक एवढीच झाली की त्यांनी गिऱ्हाइकालाही मालाच्या यादीत मोजले. आमच्या पेठेत एकदा दोन पेढ्या एक झाल्या. मोठीने छोटीचा माल घेतला, उधारी घेतली, जागाही घेतली. गिऱ्हाईक मात्र आले नाही. जुन्या पेढीत थान फाडणारा जो माणूस होता त्याने समोरच्या बोळात सहा फुटांची जागा घेतली होती आणि सारे तिकडे जात होते. योकोहामात याहून वेगळे झाले नाही. ज्या मारिनोसला पाच वर्षे शेजारचा प्रतिस्पर्धी म्हणून हिणवले त्याचा शर्ट घाला, असे फ्लुगेल्सच्या लोकांना सांगण्यात आले होते. ते घालणार नव्हते.

लोकांनी सह्या गोळा केल्या. खेळाडूही रस्त्यावर उभे राहून सह्या मागू लागले. कंपनीने निर्णय बदलला नाही. आता उरली होती एकच स्पर्धा, सम्राट चषक. बाद पद्धतीची. हरलात की त्या दिवशी क्लब कायमचा बंद. संघ एकही सामना हरला नाही. त्या वर्षीच्या लीगमधील उपविजेत्या जुबिलो इवाताला हरवले, विजेत्या काशिमाला हरवले, आणि १ जानेवारी १९९९ रोजी अंतिम सामन्यात शिमिझु एस-पल्सला २-१ ने हरवून चषक उचलला. देशातील चषकाचा मानकरी क्लब त्या दिवसानंतर अस्तित्वात नव्हता. आम्ही हे पुतण्याकडून प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला वाटले तो रंगवून सांगतो आहे. परंतु हे अक्षरशः असेच घडले आहे. ज्या बांधकाम कंपनीने हात काढला होता तीही २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

चाहत्यांनी मग जे केले ते आपल्या पेठेतील त्या थान फाडणाऱ्यासारखेच, फक्त मोठ्या हिमतीचे. त्यांनी वर्गणी काढून स्वतःचा क्लब स्थापला. योकोहामा एफ.सी. स्पेनमधील बार्सिलोना क्लबाचे सदस्य हेच मालक असतात, तीच सोसिओ नावाची पद्धत त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली. १९९९ मध्ये हा क्लब जे-लीगखालच्या श्रेणीत उतरला, दोन वर्षे ती श्रेणी जिंकली, २००१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला आणि २००६ मध्ये ती जिंकून २००७ ला पहिल्या श्रेणीत पोहोचला. त्या मार्चमध्ये एफ. मारिनोसशी गाठ पडली आणि योकोहामा एफ.सी.ने १-० असा सामना जिंकला. त्या मोसमात क्लब तळाला गेला, पण शेवटच्या दिवशी, १ डिसेंबरला, विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या उरावाला त्याने १-० ने हरवले. विजेतेपद काशिमाला मिळाले. त्या गोलाची चाल करून देणारा काझुयोशी मिउरा तेव्हा ४० वर्षांचा होता. त्याच क्लबकडून २०२० मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी तो पुन्हा पहिल्या श्रेणीत उतरला. आमच्या वयाच्या माणसाला हे वाचून जिना चढण्याचा हुरूप येतो.

आता कडू भागही सांगितला पाहिजे, नाहीतर हा लेख किस्सागोई होईल. सदस्य हेच मालक, ही व्यवस्था टिकली नाही. काही वर्षांतच क्लब चालविणारी कंपनी आणि वर्गणीदार यांच्यात वाद झाले, वर्गणीदारांचा कारभारातील शब्द उरला नाही आणि क्लब भांडवल घालणाऱ्यांकडे गेला. वर्गणीवर मैदानाचे भाडे आणि खेळाडूंचे पगार निघत नाहीत, हे सत्य आहे. सहकारी सूतगिरण्यांचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिकडे एफ. मारिनोसमध्ये २०१४ साली सिटी फुटबॉल ग्रुप हा परदेशी समूह छोटा भागीदार झाला. याच समूहाने २०१९ मध्ये आपल्या मुंबई सिटी क्लबात बहुमताचा हिस्सा घेतला होता. म्हणजे मालक येतात आणि जातात, कधी एका खंडातून दुसऱ्या खंडात.

मग कायद्याने चाहत्याच्या हातात काय असते? काहीही नाही. एका मोसमाचे तिकीट. परंतु धंद्यात कायद्याच्या पलीकडचाही एक हिशेब असतो, आणि तो कसा चुकतो याचे उदाहरण वर्दीने घालून दिले. १९९३ आणि १९९४ असे सलग दोन वर्षे विजेते. तारे खेळाडू त्यांचे. पण कावासाकी हे कारखान्यांचे शहर त्यांच्या मालकांना कधीच मनापासून नको होते, त्यांना टोकियो हवे होते. २००१ मध्ये ते टोकियोला गेले. मोठी पेठ, मोठे गिऱ्हाईक, असा हिशेब. टोकियोत त्याच मैदानावर एफ.सी. टोकियो हा दुसरा क्लब खेळत होता. वर्दी २००८ मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली गेला आणि परत येण्यास त्याला २०२४ उजाडावे लागले.

कावासाकीत मागे राहिला तो फुजित्सु कंपनीचा जुना संघ, फ्रोंताले. ज्या शहराला एका क्लबने पाठ दाखवली त्या शहरात दुसरा क्लब उभा करायचा! सुरुवातीला सामन्याला चार हजार माणसे जमेनात. मग हे लोक गल्लोगल्ली फिरले. सार्वजनिक न्हाणीघरांत जाहिराती केल्या, बाजारपेठेच्या दुकानांत खेळाडूंना नेले, आणि २००९ पासून शहरातील प्राथमिक शाळांसाठी खेळाडूंची चित्रे असलेली गणिताच्या सरावाची पुस्तके काढली. मूल रोज रात्री बेरीज-वजाबाकी करते ती क्लबच्या वहीत. २०१७, २०१८, २०२० आणि २०२१ असे चार वेळा हा क्लब लीग जिंकला. आमच्या मते चषकांपेक्षा ती गणिताची पुस्तके ही अधिक हुशारीची गुंतवणूक होती.

निइगाताच्या आल्बिरेक्स क्लबने आणखी निराळा मार्ग धरला. २००२ च्या विश्वचषकासाठी तिथे ४२ हजारांचे मैदान बांधले गेले होते आणि ते भरायला माणसे नव्हती. त्यांनी मोहल्ल्यांतील रहिवासी मंडळांमार्फत फुकट तिकिटे वाटली. आपण कापडाचा नमुना कापून देतो तसे. २००३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत असूनही सरासरी ३० हजारांवर माणसे आली. नमुना दिल्याने गिऱ्हाईक येते हे खरे. फक्त रोज नमुनाच वाटत बसलो तर भाव कधी सांगणार, हा प्रश्न निइगातालाही पुढे पडला.

आता त्या गाणाऱ्या लोकांविषयी. गोलखांबामागची जागा ही बहुधा स्वस्त असते आणि तिथेच पक्के चाहते उभे राहतात. त्यांचा म्होरक्या भोंगा घेऊन मैदानाकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे ज्या सामन्यासाठी पैसे मोजले तो त्याला धड दिसतही नाही. ९० मिनिटे गाणे थांबत नाही. जागा धरण्यासाठी लोक सकाळीच जमिनीवर चिकटपट्टीने कागद चिकटवून रांग लावतात आणि तो कागद कोणी हलवत नाही. पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळा कोपरा असतो. घरच्या भागात पाहुण्याचे रंग घालून बसता येत नाही. सामना संपला की खेळाडू मैदानाला फेरी मारून चाहत्यांपुढे वाकून उभे राहतात. जिंकले तरी आणि हरले तरी. बऱ्याच क्लबांत १२ क्रमांकाचा शर्ट कोणत्याही खेळाडूला देत नाहीत, तो चाहत्यांचा मानतात.

यांत सर्वांत मोठी फौज उरावा रेड्सची. १९९९ च्या शेवटच्या दिवशी त्यांना श्रेणी राखण्यासाठी नेहमीच्या ९० मिनिटांत जिंकणे आवश्यक होते. ते जमले नाही. खाली जाणे नक्की झाल्यावर जादा वेळेत त्यांच्या फुकुदाने गोल करून सामना जिंकला, आणि एका गोलाच्या फरकाने क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला. जपानमध्ये त्याला जगातील सर्वांत दुःखी विजयी गोल म्हणतात. नवल पुढे आहे. २००० साली दुसऱ्या श्रेणीत या क्लबला सामन्याला सरासरी सुमारे १७ हजार प्रेक्षक मिळाले, आणि त्या वर्षी पहिल्या श्रेणीची सरासरी सुमारे ११ हजार होती! हे लोक टिकले म्हणून क्लब टिकला. २००७ मध्ये तो आशियाचा विजेता झाला आणि २००८ मध्ये त्याची सरासरी ४७ हजारांवर गेली.

आणि याच उरावाच्या मैदानावर ८ मार्च २०१४ रोजी गोलखांबामागच्या भागाच्या प्रवेशाशी एक फलक लागला. इंग्रजीत लिहिलेले होते, 'जपानीज ओन्ली'. फक्त जपान्यांसाठी. लावणाऱ्या गटाचे म्हणणे, ही आमची पवित्र जागा आहे, परके आले की गाण्याचा ताल बिघडतो. सामना संपेपर्यंत क्लबच्या अधिकाऱ्यांनी तो फलक काढला नाही. घर भाड्याने पाहायला गेल्यावर आधी नाव विचारून मग जागा दिली गेल्याचे सांगणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या फलकाला काय म्हणतात ते आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. निष्ठा जेव्हा मालकीहक्कासारखी वागू लागते तेव्हा ती अशी दाराशी पाटी लावते. म्हणून चाहता हाच खरा मालक, असे आम्ही डोळे मिटून म्हणणार नाही.

लीगचे तेव्हाचे अध्यक्ष मित्सुरु मुराई यांनी उरावाला अशी शिक्षा दिली जी तोपर्यंत कोणत्याच क्लबला झाली नव्हती. एक सामना रिकाम्या मैदानावर. २३ मार्च २०१४ ला शिमिझुविरुद्धचा सामना ६३ हजार रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला आणि १-१ असा सुटला. क्लबने त्या गटाला बेमुदत बंदी घातली. कोट्यवधी येनची तिकिटविक्री बुडवून दिलेली ही शिक्षा होती. फलक लावणाऱ्याबरोबर तो पाहून गप्प बसणाऱ्या दुकानदाराकडूनही दंड वसूल झाला, ही त्यातली न्यायाची बाजू आम्हाला पटली.

पैशाच्या बाजूविषयी थोडक्यात. २०१३ च्या मोसमापासून लीगने परवाना पद्धत लावली. सलग तीन वर्षे तोटा किंवा मालमत्तेपेक्षा देणे जास्त, तर परवाना नाही. प्रत्येक क्लबचा ताळेबंद लीग दरवर्षी जाहीर करते आणि कोणीही चाहता तो वाचू शकतो. सामने दाखविण्याचे हक्क २०१७ पासून १० वर्षांसाठी सुमारे २१ हजार कोटी येनला डॅझोन या कंपनीला दिले गेले. पुढे त्या करारात फेरबदल झाले. २०२४ पासून तीन श्रेणींत प्रत्येकी २० असे ६० क्लब आहेत. एक गोष्ट मात्र आमच्या वाचकांना सांगणे कर्तव्य आहे. २००१ पासून तिथे तोतो नावाची सामन्यांच्या निकालांवरची सरकारी लॉटरी देशभर विकली जाते आणि तिचा पैसा खेळाच्या विकासाला जातो. विकास होत असेल. जुगार तो जुगारच, आणि सामना पाहण्यासाठी त्याची गरज नाही.

आमच्या पुतण्याचा क्लब कोफूचा, व्हेंटफोरे. डोंगरांनी वेढलेल्या यामानाशी भागातला गरीब क्लब. २००० साली दुसऱ्या श्रेणीत तळाला, सामन्याला दोन हजारांच्या आत माणसे, आणि देणे एवढे की बंद करण्याची बोलणी सुरू. शेवटची संधी म्हणून २००१ साठी तीन अटी घातल्या गेल्या. सामन्याला सरासरी ३ हजार प्रेक्षक, ५ हजार वर्गणीदार आणि ५ कोटी येनच्या जाहिराती. तिथल्या वृत्तपत्रसमूहातून आलेले काझुयुकी उमिनो अध्यक्ष झाले. त्यांनी मोठ्या कंपन्यांची दारे ठोठावण्याऐवजी छोट्या दुकानांची यादी केली. धोब्याने पैसे देऊ नयेत, शर्ट धुऊन द्यावेत आणि त्याच्या नावाची पाटी मैदानात लागावी. जखमी खेळाडूला उचलून नेण्याच्या स्ट्रेचरवरसुद्धा जाहिरात! तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. २००५ च्या शेवटी क्लब पहिल्या श्रेणीत गेला, पुढे खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला.

आणि १६ ऑक्टोबर २०२२ ला, दुसऱ्या श्रेणीत १८ व्या स्थानावर राहणाऱ्या या क्लबने सम्राट चषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या श्रेणीतील सांफ्रेचे हिरोशिमाला पेनल्टींवर हरवले. शेवटची पेनल्टी हिदेओमी यामामोतोने मारली. वय ४२, २००३ पासून याच क्लबात. जादा वेळेत त्याच्याच हाताला चेंडू लागून विरुद्ध बाजूला पेनल्टी मिळाली होती आणि गोलरक्षकाने ती अडवली होती. चषकामुळे कोफूला आशियाई स्पर्धेत जागा मिळाली, पण त्यांचे मैदान त्या स्पर्धेच्या नियमांत बसेना. सामने टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर घ्यावे लागले. तिथे इतर क्लबांचे चाहते आपापले शर्ट घालून कोफूसाठी येऊन बसले. कोफूने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला.

ज्यांना या खेळाच्या मागे लागायचे असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मोसम बदलला आहे. पूर्वी सामने वसंतात सुरू होऊन डिसेंबरला संपत. डिसेंबर २०२३ च्या निर्णयाप्रमाणे २०२६ च्या ऑगस्टपासून मोसम पावसाळ्याच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपावयाचा आहे. बर्फाच्या प्रदेशातील निइगातासारख्या क्लबांची यावर नाराजी होती, आणि ती रास्त होती.

कापडाच्या माणसाने शेवटी कापडाकडे यावे. तिथल्या चाहत्याची खूण म्हणजे गळ्यात बांधायचा टॉवेल. लांबट, क्लबच्या रंगाचा. गाताना तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरतात, पावसात त्यानेच तोंड पुसतात. जपानमधील निम्म्याच्या आसपास टॉवेल विणणारे गाव इमाबारी. चीन आणि व्हिएतनामच्या स्वस्त मालाने हा धंदा बसत चालला होता. २००६ मध्ये त्यांनी भाव पाडण्याऐवजी एक छाप ठरवला आणि कसोटी ठेवली की टॉवेलचा एक सेंटीमीटरचा तुकडा पाण्यावर टाकला तर पाच सेकंदांत बुडाला पाहिजे. सोलापूरच्या टेरी टॉवेलवाल्यांनी ही कसोटी करून पाहावी. याच गावाचा एफ.सी. इमाबारी हा क्लब २०१४ मध्ये जपानचे माजी प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी घेतला तेव्हा तो प्रादेशिक लीगमध्ये होता. २०२३ मध्ये त्यांनी सुमारे ५ हजार जागांचे स्वतःचे मैदान बांधले, आणि २०२५ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळला.

पुतण्याने ओळखीच्या एका माणसाकडून कोफूचा निळ्या-तांबड्या रंगाचा टॉवेल मागवला आहे. आम्ही तो बोटांनी चोळून पाहिला. लूप आखूड, पण छपाई पक्की. पाच सेकंदांची कसोटी करावी म्हणून कोपऱ्याचा एक सेंटीमीटरचा तुकडा मागितला, तर त्याने टॉवेल घडी करून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.